एडिट लॉक झालं, आता डीआय: क्लिपची ओळख न हरवता कलरिस्टकडे काम कसं सोपवायचं

तुमची शॉर्टफिल्म, माहितीपट किंवा वेबसीरिजचा भाग प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लॉक झालाय. पुढचा टप्पा डीआय (डिजिटल इंटरमीडिएट), म्हणजे कलर, शॉटांचे रंग बसवण्याचं काम. स्टुडिओची शिफ्ट ठरली आहे, हार्ड डिस्क बॅगेत आहे, आणि तुम्हाला वाटतंय की एक्सएमएल (कटांची यादी असलेली फाइल) काढली की काम झालं. मग स्टुडिओत टाइमलाइन उघडते. निम्मे शॉट लाल असतात, म्हणजे त्यांच्या फायलीच सापडलेल्या नसतात, काही जागी भलताच शॉट बसलेला असतो आणि ड्रोनचे शॉट कुठे आहेत ते कुणालाच सांगता येत नाही. शिफ्टचं मीटर चालू असतं आणि कलरिस्ट रंगाला हात लावायच्या आधी तीन तास फायली शोधत बसतो.

हे टाळता येतं. मी बरीच वर्षं असिस्टंट एडिटर म्हणून हेच काम करतोय, आणि छोट्या बजेटच्या मराठी कामांमध्ये त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. गडबड डिस्क पाठवायच्या दिवशी क्वचितच झालेली असते. बहुतेक वेळा ती शूटच्या पहिल्या दिवशी, कार्ड उतरवताना झालेली असते आणि शेवटी फक्त उघडी पडते. म्हणून हा लेख शूटपासून सुरू होतो. तुमचं शूट आधीच उरकलं असेल तर पायरी ५ पासून वाचा, पण पायरी १ सोडू नका.

उदाहरण म्हणून मी सगळ्यात जास्त दिसणारी मांडणी घेतलीय: सोनीचा एखादा मिररलेस किंवा एफएक्स मालिकेतला कॅमेरा, सोबत ड्रोन, थोडं मोबाइलचं फुटेज, एडिट प्रीमियरवर आणि कलर डाविंची रिझॉल्व्हवर. एव्हिड आणि फायनल कटवाल्यांसाठी जिथे फरक आहे तिथे तो सांगेन.

१. कन्फॉर्म काय वाचतं ते आधी समजून घ्या

एडिट करताना तुम्ही बऱ्याचदा प्रॉक्सी, म्हणजे मूळ फायलींच्या हलक्या प्रती वापरता. कलरला मूळ फायली लागतात. तुमच्या कटांच्या यादीवरून मूळ फायली पुन्हा जागेवर बसवणं म्हणजे कन्फॉर्म. ते करताना सॉफ्टवेअर चार गोष्टी बघतं: फाइलचं नाव, रीलचं (म्हणजे कार्डाचं) नाव, सोर्स टाइमकोड (मूळ क्लिपच्या प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा आकडा) आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम). फाइल कोणत्या फोल्डरात आहे याची थोडीफार मदत होते, पण डिस्क बदलली की तो पत्ताही बदलतो.

प्रीमियरच्या प्रोजेक्ट पॅनलमध्ये क्लिपला तुम्ही दिलेलं ‘आई दारात उभी, टेक ३ ओके’ हे नाव या चौघांत येत नाही. गावात सगळे बाळू म्हणतात, पण सातबाऱ्यावर बाळकृष्ण असतं आणि तलाठी तेवढंच बघतो, तसंच हे. बिनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टमधल्या फोल्डरात, हवी ती नावं द्या, पण ओळख सातबाऱ्यावरचीच राहणार हे विसरू नका. त्या चारपैकी निदान नाव आणि टाइमकोड मिळून प्रत्येक क्लिपला एकमेव ठरवत असतील तर बाकीचं निभावतं. एकाच नावाच्या दोन फायली असतील आणि दोघींचा टाइमकोडही शून्यापासून सुरू होत असेल, तर सॉफ्टवेअर बिनदिक्कत चुकीची फाइल उचलतं. लाल शॉट निदान दिसतो तरी. चुकीचा शॉट कधीकधी ग्रेड होऊन, म्हणजे रंग बसवून, बाहेर पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

२. शूटआधी कॅमेऱ्यात

ॲरी, रेड, ब्लॅकमॅजिक यांसारखे सिनेमा कॅमेरे फाइलच्या नावातच रील आणि क्लिपचा क्रमांक घालतात. ॲलेक्सा ३५ च्या आधीच्या ॲरी कॅमेऱ्यांची फाइल ‘ए००१सी००३’ अशी सुरू होते: कॅमेरा ए, रील १, क्लिप ३, आणि पुढे तारीख. तिथे फक्त रील क्रमांक कार्डागणिक वाढतोय ना आणि दुसऱ्या कॅमेऱ्याला बी हे अक्षर दिलंय ना, एवढं बघा.

खरा त्रास छोट्या कॅमेऱ्यांचा. सोनीचे बरेच कॅमेरे मूळ सेटिंगवर ‘सी०००१’, ‘सी०००२’ अशी नावं देतात. क्रमांक ‘रिसेट’वर असेल तर प्रत्येक नव्या कार्डावर पुन्हा सी०००१. आठ दिवसांच्या शूटमध्ये अशा वीसेक फायली सहज जमतात. फाइल सेटिंगमध्ये जाऊन क्रमांक ‘सिरीज’वर ठेवा. नावाच्या प्रकारात ‘टायटल’चा पर्याय असेल तर प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळं अक्षर द्या.

टाइमकोडसाठी ‘फ्री रन’ निवडा आणि सकाळी सगळे कॅमेरे व साउंड रेकॉर्डर घड्याळाच्या वेळेवर आणा. मग टाइमकोड म्हणजे दिवसातली वेळ होते आणि एका कॅमेऱ्याच्या एका दिवसाच्या दोन क्लिपांचा टाइमकोड जुळत नाही. ‘रेक रन’ (फक्त रेकॉर्डिंग चालू असतानाच पुढे सरकणारा टाइमकोड) चालतो, पण कार्ड बदलताना कुणी तो शून्यावर आणला तर वर सांगितलेला घोळ होतो.

फ्रेमरेट सगळ्यांनी मिळून आधी ठरवा: थिएटरसाठी २४, टीव्हीसाठी २५. आणि २४ म्हणताना नक्की २४ की २३.९७६ हे कॅमेरामनशी बोलून कागदावर लिहा. दोन्हींत फरक हजारात एकाचा, पण तासाभराच्या टाइमलाइनवर तो ३.६ सेकंदांचा होतो.

मोबाइलने शूट करणार असाल तर मूळ कॅमेरा ॲप टाळा. फोन बदलत्या फ्रेमरेटने रेकॉर्ड करतात आणि टाइमकोडही धड देत नाहीत. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चालतं, फ्रेमरेट बांधून ठेवतं आणि वेळेचा टाइमकोड देतं.

३. कार्ड उतरवताना

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. आणि आपल्याकडे ती रात्री अकरा वाजता, दिवसभर धावलेल्या सगळ्यात ज्युनिअर मुलाकडे दिली जाते.

कार्ड पूर्ण कॉपी करा. फक्त व्हिडिओ फायली ओढून घेऊ नका. सोनीच्या कार्डावर प्रत्येक क्लिपशेजारी त्याच नावाची, शेवटी ‘एम०१’ असलेली छोटी एक्सएमएल फाइल असते. दोन-चार केबीची ती फाइल कचरा समजून पुसली जाते. क्लिप एस-लॉग३ मध्ये (सोनीचं कलरसाठीचं फिकं, लॉग चित्र) आहे की साध्या गॅमात, हे तिच्यात लिहिलेलं असतं. रेडच्या क्लिपचं तर अख्खं फोल्डर असतं आणि मोठी क्लिप त्यात अनेक तुकड्यांत विभागलेली असते. एक तुकडा राहिला की शॉट अर्धा.

प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर करा. नाव रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढ्यातच ठेवा: दिवस, कॅमेरा, कार्ड. मराठी लिपीतली नावं, मोकळी जागा, स्वल्पविराम, तिरपी रेघ हे सगळं टाळा. देवनागरी नाव तुमच्या कॉम्प्युटरवर छान दिसतं, पण एक्सएमएलमध्ये त्याची टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते आणि दुसऱ्या मशीनवर ती नेहमी नीट उलगडेलच असं नाही. मराठीचा कितीही अभिमान असला तरी तो इथे नको.

कॉपीची पडताळणी चेकसमने, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेल्या आकड्याने करा. फाइलचा आकार सारखा दिसणं ही पडताळणी नव्हे. रिझॉल्व्हच्या मीडिया पानावर क्लोन टूल आहे, मोफत आवृत्तीतही, आणि ते पडताळणी करून कॉपी करतं. विंडोजवर टेराकॉपीने भागतं. मोठ्या कामांवर डीआयटी (सेटवर फुटेज सांभाळणारे तंत्रज्ञ) सिल्व्हरस्टॅक किंवा ऑफशूट वापरतात आणि एमएचएल नावाची चेकसमची यादी काढून देतात. ती मिळाली तर जपून ठेवा. कार्ड रिकामं करण्याआधी दोन वेगळ्या डिस्कवर दोन प्रती हव्यात.

मग नावं बदलायची का? सिनेमा कॅमेऱ्याच्या फायलींची कधीही नाही. सोनी, ड्रोन, मोबाइल यांच्या फायलींची नावं एकमेकांशी भिडत असतील तर बदलावी लागतात, पण ती याच टप्प्यावर, एडिटमध्ये एकही क्लिप जाण्याआधी. मूळ नाव तसंच ठेवून पुढे कार्डाचं नाव जोडा. शेजारच्या एक्सएमएलचं नावही तसंच बदला, आणि जुनं नाव व नवं नाव यांची यादी एका स्प्रेडशीटमध्ये ठेवा. एकदा एडिट सुरू झालं की डिस्कवरच्या नावाला हात लावायचा नाही.

व्हॉट्सॲपवरून आलेलं फुटेज हा आपल्याकडचा खास प्रकार. नाव बदललेलं, रिझोल्युशन पडलेलं. ज्याने शूट केलं त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या. व्हॉट्सॲपशिवाय पर्यायच नसेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तशी फाइल आहे तशी येते.

बदलत्या फ्रेमरेटचं मोबाइल फुटेज आलंच असेल तर ते आत्ताच, एडिटआधी, ठरलेल्या बांधील फ्रेमरेटच्या प्रोरेस या कोडेकमध्ये बदला. त्यानंतर तीच मूळ फाइल मानायची आणि तीच कलरला जायची.

४. प्रॉक्सी

प्रीमियरमध्ये मूळ फायली आधी आत घ्या आणि प्रॉक्सी त्यांना ‘अटॅच’ करा. असं केलं तर एक्सएमएल काढताना पत्ता मूळ फायलींचाच जातो. बाहेरच्या कन्व्हर्टरमध्ये छोट्या फायली बनवून थेट त्यांच्यावरच एडिट केलं तर एक्सएमएल त्या छोट्या फायलींकडे बोट दाखवते, आणि मोफत कन्व्हर्टरांपैकी बरेच टाइमकोड टाकून देतात. मग नाव तेच असलं तरी प्रॉक्सी शून्यावर सुरू होते आणि मूळ फाइल सकाळी दहा वाजून बारा मिनिटांवर. कन्फॉर्म तिथेच संपला.

प्रॉक्सीत चार गोष्टी मूळ फाइलसारख्याच हव्यात: नाव, सुरुवातीचा टाइमकोड, फ्रेमरेट आणि ऑडिओ चॅनलची संख्या. रिझोल्युशन कितीही कमी ठेवा. पहिल्याच कार्डाच्या दोन-तीन प्रॉक्सी मीडियाइन्फो या मोफत साधनात मूळ फाइलशेजारी उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

एव्हिडमध्ये ट्रान्सकोड केलेल्या एमएक्सएफ फायलींची नावं वाचण्यासारखी नसतात. तिथे बिनमधले ‘टेप’ आणि ‘सोर्स फाइल’ हे रकाने ओळख सांभाळतात. ते रिकामे नाहीत ना, हे एडिट सुरू होण्याआधी बघा. फायनल कटमध्ये आयात करताना फायली जागेवरच ठेवण्याचा पर्याय निवडा, लायब्ररीत कॉपी करू नका.

५. एडिट चालू असताना जे करू नये

पुढच्या प्रत्येक गोष्टीने सोय होते, म्हणूनच ती केली जाते.

‘मॉडिफाय’मध्ये जाऊन टाइमकोड बदलणं. एडिटमध्ये तो बदललेला दिसतो, पण मूळ फाइलमध्ये जुनाच राहतो. कलरिस्टकडे दोघांचं पटत नाही.

‘मर्ज क्लिप्स’ने साउंड जोडणं. मर्ज केलेली क्लिप ही मूळ फाइल उरत नाही आणि एक्सएमएलमध्ये गोंधळ घालते. सिंक करायचं तर मल्टिकॅम सिक्वेन्स करा. लॉकनंतर तो ‘फ्लॅटन’ करता येतो.

‘रेंडर अँड रिप्लेस’. जड शॉट हलका करायला एडिटर हे बटण दाबतो आणि विसरतो. टाइमलाइनवर मूळ क्लिपच्या जागी नवी फाइल बसते आणि इफेक्ट तिच्यात भाजलेले असतात. लॉकनंतर अशा प्रत्येक शॉटवर ‘रिस्टोअर अनरेंडर्ड’ करा.

५० फ्रेमचं फुटेज ‘इंटरप्रिट’ करून २५ चं बनवणं. हे चुकीचं नाही, पण कलरिस्टला सांगितलंच पाहिजे, कारण त्याला रिझॉल्व्हमध्ये त्या क्लिपांचा फ्रेमरेट टाइमलाइन आणण्याआधी हाताने बदलावा लागतो. तेच ५० टक्के स्पीडने केलं असेल तर तो बदल एक्सएमएलमधून जातो. मी दुसरी पद्धत सुचवतो. निदान एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही मिसळू नका.

‘स्केल टू फ्रेम साइझ’. ४के शॉट एचडी टाइमलाइनमध्ये बसवायला हे वापरलं तर मोशनमधला स्केल १०० च दिसत राहतो, आणि रिझॉल्व्हमध्ये झूम भलतंच येतं. स्केलचा आकडा मोशनमध्ये स्पष्ट दिसेल अशाच रीतीने शॉट बसवा.

६. लॉकनंतर टाइमलाइन साफ करणं

मूळ सिक्वेन्सला हात लावू नका. त्याची प्रत करा, नाव आणि तारीख द्या, आणि जे काही कराल ते प्रतीत करा.

नेस्ट (सिक्वेन्सच्या आत ठेवलेले सिक्वेन्स) उघडा, मल्टिकॅम फ्लॅटन करा. बंद करून ठेवलेल्या क्लिप, झाकलेले जुने टेक, न वापरलेले ट्रॅक काढून टाका. मुख्य चित्र पहिल्या ट्रॅकवर उतरवा. व्हीएफएक्सचे शॉट दुसऱ्यावर, शीर्षकं आणि ग्राफिक तिसऱ्यावर. ॲडजस्टमेंट लेयर, लुमेट्री (प्रीमियरमधलं रंगाचं साधन), वार्प स्टॅबिलायझर, आफ्टर इफेक्ट्सचे जोडलेले कॉम्प यांतलं जवळपास काहीच पलीकडे जात नाही. स्टॅबिलायझर काढून टाका. रिझॉल्व्हचा स्वतःचा आहे. लुमेट्रीही काढा. दिग्दर्शकाला तो रंग आवडला असेल तर तो रेफरन्स व्हिडिओत दिसू दे.

स्पीडचा चढउतार, उलटा चालणारा शॉट, फ्रीझ फ्रेम आणि हाताने ॲनिमेट केलेला झूम यांची वेगळी यादी करा: टाइमलाइनवरचा टाइमकोड, फाइलचं नाव, आणि काय केलंय ते एका ओळीत. सरळ एकसारखा स्पीड बहुधा नीट जातो. चढउतार जाईलच याची खात्री धरू नका.

सिक्वेन्स ०१:००:००:०० ला सुरू व्हावा. साउंडवाल्यांसाठी टू-पॉप (चित्राच्या दोन सेकंद आधीचा बीप) लावला असेल तर तो ००:५९:५८:०० वर आणि चित्राची पहिली फ्रेम एका तासावर, म्हणजे सिक्वेन्सची सुरुवात त्या मानाने मागे घ्यावी लागेल. कलर आणि साउंड दोघांनाही हाच हिशेब द्या.

७. एक्सएमएल, एएएफ की ईडीएल

कटांची यादी दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे नेणाऱ्या फायलींचे हे तीन प्रकार. प्रीमियरमधून ‘फायनल कट प्रो एक्सएमएल’ काढा. नाव गोंधळात टाकतं: ही जुन्या फायनल कट ७ ची पद्धत आहे. नव्या फायनल कटची एफसीपीएक्सएमएल वेगळी, आणि ती काढताना आवृत्ती विचारली जाते. स्टुडिओचं रिझॉल्व्ह जुनं असेल तर मागची आवृत्ती निवडा. एव्हिडमधून एएएफ.

ईडीएल सोबत द्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. तिची नेहमीची पद्धत, सीएमएक्स ३६००, ही टेपच्या काळातली. चित्राचा एकच ट्रॅक, ९९९ कट, आणि रीलच्या नावाला आठ अक्षरं. ॲरीच्या त्या जुन्या नावाची पहिली आठ अक्षरं म्हणजे ‘ए००१सी००३’, त्यामुळे तिथे योगायोगाने सगळं जमतं. पण नव्या डीजेआय ड्रोनच्या फाइलचं नाव डीजेआय, अंडरस्कोर आणि मग वर्ष-महिना-दिवस-वेळ असं असतं. आठ अक्षरांत ते वर्षापाशीच तुटतं, आणि वर्षभरातले ड्रोनचे सगळे शॉट एकाच रीलचे ठरतात. लांब नावं चालणारी ईडीएल एव्हिडमधून निघते. ती काढता येत असेल तर तीच काढा. ईडीएल प्रत्येक ट्रॅकची स्वतंत्र लागते.

ईडीएलचा खरा उपयोग वेगळाच आहे: ती साध्या टेक्स्टची फाइल आहे, डोळ्यांनी वाचता येते. उघडा आणि रकाने बघा. रीलच्या जागी सगळीकडे ‘एएक्स’ दिसत असेल तर तुमच्या क्लिपना रीलचं नावच नाही, आणि कन्फॉर्म फक्त फाइलच्या नावावर चालणार आहे हे तिथेच कळतं.

८. रेफरन्स व्हिडिओ

लॉक सिक्वेन्सचा एक व्हिडिओ काढा. तोच फ्रेमरेट, तीच लांबी, तोच सुरुवातीचा टाइमकोड. कोपऱ्यात टाइमलाइनचा टाइमकोड, सोर्स टाइमकोड आणि फाइलचं नाव चित्रावर छापा. रिझॉल्व्हमध्ये हा व्हिडिओ ‘ऑफलाइन रेफरन्स’ म्हणून टाइमलाइनला जोडून अर्ध्या पडद्यावर तपासता येतो. मेटाडेटा कुठेही मेला तरी चित्रावर छापलेल्या नावावरून शॉट हाताने शोधता येतो, म्हणून हा कधीही वगळू नका. छाप नसलेली स्वच्छ प्रतही द्या, दिग्दर्शक सोबत बसला की ती लागते.

९. रंगाशी संबंधित माहिती

हा भाग एडिटर विसरतो, कारण त्याला तो लागत नाही. कॅमेऱ्यागणिक एका पानावर लिहा: मॉडेल, कोडेक, लॉगचा प्रकार आणि गॅमट, म्हणजे रंगांची व्याप्ती (एस-लॉग३ आणि एस-गॅमट३.सिने असं पूर्ण), आयएसओ, व्हाइट बॅलन्स, सेटवर कोणता लट (चित्राचे रंग बदलून दाखवणारा तक्ता) लावला होता. लटची फाइलही द्या. ॲरीचं असेल तर लॉगसी३ की लॉगसी४ ते लिहा. ॲलेक्सा ३५ पासून लॉगसी४ आलं आणि दोघांची अदलाबदल केली तर चित्र साफ चुकतं.

सेटवर डीआयटीने सीडीएल केले असतील तर ते मागून घ्या. सीडीएल म्हणजे शॉटची मूळ रंगदुरुस्ती सांगणारे, अमेरिकन सोसायटी ऑफ सिनेमॅटोग्राफर्सने ठरवलेले दहाच आकडे: तीन रंगांचे स्लोप, ऑफसेट, पॉवर, आणि एक सॅच्युरेशन. ते ईडीएलमध्ये टिप्पणी म्हणूनही बसतात किंवा एएलई या टॅबने विभागलेल्या तक्त्यात येतात. रॉ फुटेज असेल तर ते रॉच जाऊ द्या. कुणी ‘सोयीसाठी’ प्रोरेस करून दिलं की आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स तिथेच पक्के होतात.

१०. पाठवण्याआधी स्वतः कन्फॉर्म करा

या लेखातलं फक्त एकच करणार असाल तर हे करा. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती एक्सएमएल, एएएफ आणि ईडीएल तिन्ही उघडते.

नवं प्रोजेक्ट उघडून सगळ्यात आधी टाइमलाइनचा फ्रेमरेट लावा. एकदा मीडिया आत आला की प्रोजेक्टचा फ्रेमरेट बदलता येत नाही. मग ज्या डिस्कवरून द्यायचंय त्याच डिस्कवरच्या मूळ फायली मीडिया पूलमध्ये आणा. तुमची कामाची डिस्क काढून ठेवा, नाहीतर रिझॉल्व्ह तिच्यावरून फायली उचलेल आणि सगळं ठीक आहे असं तुम्हाला वाटेल. आता टाइमलाइन आयात करा आणि ‘सोर्स क्लिप आपोआप आणा’ ही खूण काढा.

नावं एकमेकांशी भिडत असतील तर प्रोजेक्ट सेटिंगमधल्या कन्फॉर्मच्या पर्यायांत रीलचं नाव फोल्डरच्या वाटेवरून घ्यायला सांगता येतं. कार्डागणिक वेगळी फोल्डर केली असतील तर त्यांचा फायदा इथे मिळतो.

मग रेफरन्स व्हिडिओ जोडा आणि प्रत्येक कटावर थांबून बघा. शॉटची पहिली फ्रेम आणि शेवटची फ्रेम, दोन्ही. एका फ्रेमचा फरक दिसला तर बहुधा फ्रेमरेटचा घोळ आहे. शॉटमागून शॉट वाढत जाणारा फरक दिसला तर नक्कीच. विंडोजवरच्या मोफत आवृत्तीत काही कॅमेऱ्यांच्या १०-बिट फायली काळ्या दिसतात किंवा उघडत नाहीत. तेवढ्याने घाबरू नका, स्टुडिओकडे पूर्ण आवृत्ती असते. पण नाव आणि टाइमकोड जुळलेत का, हे तेव्हाही तपासता येतं.

११. डिस्कवर काय काय हवं

– मूळ फुटेज, कार्डांच्या फोल्डरांसकट, आतली रचना न बदलता
– एक्सएमएल किंवा एएएफ, आणि ट्रॅकनिहाय ईडीएल
– रेफरन्स व्हिडिओ, छाप असलेला आणि नसलेला
– व्हीएफएक्सचे तयार शॉट, प्रत्येकाचं नाव आणि आवृत्ती क्रमांक, टाइमकोडसह
– लट, सीडीएल, कॅमेऱ्याच्या माहितीचं पान
– स्पीड, फ्रीझ आणि झूमची यादी
– नावं बदलली असतील तर जुन्या-नव्या नावांची स्प्रेडशीट
– चेकसमची यादी
– एक साधं पत्र: फ्रेमरेट, रिझोल्युशन, गुणोत्तर, शेवटी कुठे दाखवायचंय (थिएटर, ओटीटी की यूट्यूब), आणि शंका आल्यास कुणाला फोन करायचा

पूर्ण फुटेज द्यायचं की फक्त वापरलेलं? जागा असेल तर पूर्ण द्या. प्रोजेक्ट मॅनेजरने छाटून दिलं तर लाँग-जीओपी फायली (ज्यांत बऱ्याच फ्रेम शेजारच्या फ्रेमवर अवलंबून असतात) पुन्हा एन्कोड होऊ शकतात, म्हणजे मूळ फुटेज उरतच नाही. छाटायचंच असेल तर वापरलेल्या फायली अख्ख्या कॉपी करा, तुकडे करू नका.

डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केली तर मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालते. मॅकवरून कॉपी केल्यास टिंब-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या छोट्या फायली तयार होतात. विंडोजवर त्या मूळ क्लिपच्या नावाने दिसतात आणि उघडत नाहीत. पत्रात तसं लिहा, म्हणजे फुटेज खराब आहे असा फोन येणार नाही. एक्सफॅट डिस्क न ‘इजेक्ट’ करता ओढून काढू नका, आणि पुण्या-कोल्हापूरहून अंधेरीला कुणाच्या हाती डिस्क पाठवत असाल तर दुसरी प्रत घरी असल्याशिवाय पाठवू नका.

१२. परत येताना, आणि लॉक मोडला तर

कलरनंतर फायली पुन्हा प्रीमियरमध्ये येणार असतील तर आधीच तीन गोष्टी ठरवा. सुटे शॉट रेंडर होणार की एक अख्खा व्हिडिओ? सुटे असतील तर दोन्ही बाजूंना किती फ्रेमचे हँडल (कटाबाहेरच्या जादा फ्रेम), १२ की २४? आणि नावं? एकच मूळ क्लिप पाच ठिकाणी कापून वापरली असेल आणि रेंडर मूळ नावाने झाला तर पाचही एकमेकांवर लिहिले जातात. म्हणून वेगळी नावं देणारा पर्याय लावायला सांगा, आणि सोर्स टाइमकोड रेंडरमध्ये कायम ठेवायला सांगा.

लॉक मोडतोच. दिग्दर्शकाला दुसऱ्या दिवशी सुचतं की दवाखान्याचा सीन आधी हवा. अशा वेळी जुनी एक्सएमएल बदलू नका. नव्या क्रमांकाची एक्सएमएल, नवा रेफरन्स व्हिडिओ आणि काय बदललं याची यादी द्या. रिझॉल्व्हमधलं कलरट्रेस जुन्या टाइमलाइनवरचे ग्रेड नव्या टाइमलाइनवर उचलून ठेवतं, आणि तेही नाव आणि टाइमकोड बघूनच. दोन्ही शाबूत असतील तर कलरिस्टला फक्त नवे शॉट करावे लागतात. नसतील तर अख्ख्या सीनचे ग्रेड हाताने शोधून चिकटवावे लागतात, आणि त्या शिफ्टचं बिल निर्मात्याकडे जातं. बदलात नवी मूळ क्लिप आली असेल तर ती डिस्कवर वेगळ्या, तारीख टाकलेल्या फोल्डरात द्या, म्हणजे कलरिस्टला सगळी डिस्क पुन्हा चाळावी लागणार नाही.